ट्रकला जवळचा रस्ता का परवडत नाही

न्हावाशेवा बंदरातून निघणारे चाळीसफुटी कंटेनर मुख्यतः दोन उंचींचे असतात. साधा डबा २.५९ मीटर, तर ‘हाय क्यूब’ २.९० मीटर. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास धरला, तर पहिला डबा चढवल्यावर गाडी ४.१ मीटर उंच होते, दुसरा चढवल्यावर ४.४. गाडी तीच, नंबर तोच, ड्रायव्हरही तोच. पण काल ज्या जुन्या रेल्वेपुलाखालून ती निवांत निघाली, तिथेच आज डब्याचं छत फाटू शकतं. त्यात आणखी एक गंमत आहे. भरलेली गाडी स्प्रिंगवर दबलेली असते, माल उतरवला की ती काही सेंटिमीटर वर येते. त्यामुळे जाताना पुलाखालून गेलेली गाडी रिकामी परतताना अडकू शकते. आणि रस्त्यावर डांबराचे थर चढत राहिले, तर पूल जागचा न हलताही बुटका होत जातो. पाटीवरचा आकडा मात्र जुनाच.

मोबाइलवरच्या नेहमीच्या नकाशाला यातलं काही ठाऊक नसतं. तो आपल्याला कारवाला समजतो, फार तर दुचाकीवाला. ट्रकसाठी बनवलेल्या साधनांमध्ये निघण्याआधी गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन आणि अॅक्सल (चाकांचे आस) किती, हे भरावं लागतं, आणि मग त्याच दोन गावांमधला रस्ता वेगळाच निघतो. हे कसं घडतं ते समजायला थोडं मागे जाऊ.

एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संशोधकाने १९५६ साली, अॅमस्टरडॅममध्ये कॉफी घेता घेता, सगळ्यांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत वीसेक मिनिटांत मनातल्या मनात बसवली. कागद-पेन्सिलही नव्हती. आर्माक नावाच्या संगणकावर तिचं प्रात्यक्षिक झालं ते नेदरलँड्समधल्या ६४ शहरांच्या नकाशावर. रीत अशी : चौक म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा, प्रत्येक रेषेला एक किंमत, मग ती किलोमीटरमध्ये असो की मिनिटांत. निघालेल्या ठिकाणापासून सर्वांत स्वस्त ठिपका पक्का करायचा, तिथून पुढचे तपासायचे, असं करत मुक्कामाला पोचायचं. आजच्या बहुतेक नकाशांच्या पोटात याच रीतीची सुधारलेली रूपं आहेत.

ट्रकसाठी पहिली दुरुस्ती सोपी. ज्या पुलाखालून गाडी जात नाही, ती रेष खोडून टाकायची. वजनाची मर्यादा असलेला पूल, अवजड वाहनांना बंदी असलेली गल्ली, हेही तसंच खोडता येतं. वळणांचं मात्र एवढं सोपं नाही. लांब ट्रेलर वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून जातात. किती आतून, हे पायथागोरसच सांगतो. पुढचा घोडा, म्हणजे इंजिन आणि केबिनचा भाग, १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय. त्याच्या दोन अॅक्सलांत ३.८ मीटर अंतर आहे आणि मागच्या ट्रेलरची लांबी जोडापासून चाकांपर्यंत ९ मीटर आहे असं समजा. वळण पुरेसं लांब असेल, तर मागची चाकं जवळपास साडेतीन मीटर आतून जातात. दुपदरी रस्ता साधारण सात मीटरचा. म्हणजे घाटातल्या पिळाच्या वळणावर अशी गाडी समोरच्याची बाजूही घेणारच. समोरून एसटी आली तर दोघांपैकी एकाने आधीच थांबायला हवं. म्हणून चांगलं साधन रेषेलाच नव्हे, तर एका रेषेवरून दुसरीवर जाण्यालाही किंमत लावतं.

उताराचीही किंमत असते. चाळीस टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरली (बोरघाट साधारण तेवढाच आहे), की सुमारे १९६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेवर साडेसहाशे लिटर पाण्याला उकळी येईल. इंजिनने धरून, खालच्या गिअरमध्ये उतरलं तर त्यातली बरीचशी इंजिनमार्गे जाते. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारलं तर जवळपास सगळी ब्रेकच्या ड्रमवर येते. चढउतार मोजायला नकाशे बहुधा २००० साली एंडेव्हर अंतराळयानाने रडारने टिपलेली उंची वापरतात. पण रडारला डोंगर दिसतो, डोंगराच्या पोटातला बोगदा नाही. समृद्धी महामार्गावरच्या इगतपुरीच्या बोगद्यात हे हाताने दुरुस्त केलं नाही, तर हिशोबातला ट्रक डोंगरमाथा चढून उतरतो.

आता खरी गुंतागुंत. डाइक्स्ट्राची रीत एका गृहीतकावर उभी आहे : एखाद्या ठिकाणी सर्वांत लवकर पोचण्याचा एक मार्ग सापडला, की उरलेले विसरून जायचे. कारसाठी ते चालतं. ट्रकच्या केबिनमध्ये मात्र माणूस बसलेला असतो आणि त्याचे तास मोजलेले असतात. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायचं, आणि दिवसाला साधारणपणे नऊच तास चालवायचं, असा २००६ चा नियम आहे. आपल्याकडे १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा २०२५ पर्यंत दिवसाला आठ तासांची मर्यादा घालत होता, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगत होता. पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता. स्वतःचीच एक गाडी चालवणारा त्यात बसत नव्हता, आणि रस्त्यावर अशा गाड्या काही कमी नाहीत.

नागपूरहून समृद्धीने निघालेला ट्रक घ्या. भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. सरासरी ताशी साठ धरले तरी बारा तास. मुक्काम ठरलेलाच आहे, प्रश्न तो कुठे करायचा एवढाच. समजा एक ट्रक इगतपुरीला पहाटे तीनला पोचतो, पण ड्रायव्हरच्या हातात तासभरच उरलाय. दुसरा वाटेत झोप काढून सकाळी दहाला पोचतो, आणि त्याच्याकडे पाच तास आहेत. पुढे कोण? पहिला सात तासांनी पुढे आहे, पण त्याला लवकरच गाडी बाजूला घ्यावी लागणार. दुसरा थेट बंदर गाठेल, पण वाटेत शहराच्या हद्दीत अवजड वाहनांची नो एन्ट्री असेल तर त्यालाही थांबणं आलंच. कोण सरस हे इगतपुरीत ठरतच नाही. म्हणून संगणकाला दोन्ही शक्यता लक्षात ठेवाव्या लागतात, पुढच्या चौकात त्यांच्या चार होतात, आणि यादी फुगत जाते. सर्व बाबतींत मागे पडलेल्या शक्यता छाटत राहणं, हेच ट्रकच्या प्रवासाचं गणित सोडवणाऱ्यांचं मुख्य काम. रस्ता शोधणं आणि वेळापत्रक लावणं इथे एकच होऊन जातं. त्यात ट्रक उभा करायला सुरक्षित जागा हवी. ती भरलेली असेल तर कागदावरची आखणी तिथेच कोलमडते.

मालासोबत बाळगायच्या जीएसटीच्या ई-वे बिलाचा काटा वेगळाच. २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते, आणि पोर्टल अंतर धरतं ते पिनकोडवरून. पूल टाळायला वळसा घेतला म्हणून मुदत आपोआप वाढत नाही.

गणित अवघड असलं तरी सुटतं. अडतं ते माहितीपाशी. वरंधा घाट पावसाळ्यात अवजड वाहनांना बंद होतो तो प्रशासनाच्या आदेशाने; तो आदेश पत्रक म्हणून निघतो, वर्तमानपत्रात छापून येतो, पण नकाशातली रेष त्याने आपोआप पुसली जात नाही. गावाच्या वेशीवर नवी कमान उभी राहते, तिची उंची कोणी कुठे नोंदवत नाही. माझ्या मते आपल्याकडे या साधनांवर होणारा खर्च चकचकीत अॅपपेक्षा अशा नोंदींवर व्हायला हवा. एक आडवाट आहे : हजारो ट्रकांना बसवलेल्या जीपीएसच्या खुणा एकत्र करायच्या, आणि जिथून उंच गाड्या रोज जातात तो रस्ता मोकळा समजायचा. हे बऱ्यापैकी चालतं. पण जिथून एकही ट्रक गेलेला नाही, तिथे कमान आहे, बंदी आहे की नुसतंच भाडं मिळत नाही, हे त्या ठिपक्यांवरून कळत नाही. त्यासाठी अजून तरी पुढे गेलेल्या गाडीवाल्याला फोन लावावा लागतो.