हाड जुळताना संवेदी चेतातंतू काय करतात: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

बधिर पायाचे हाड मोडले तरी रुग्ण त्यावर चालत राहतो आणि काही महिन्यांत घोट्याचा सांधाच ढासळतो, हा अनुभव मधुमेहाचे आणि कुष्ठरोगाचे रुग्ण पाहणाऱ्या पुण्यातील डॉक्टरांना नवा नाही. कोंढव्यात तर कुष्ठरुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय आहे. अशा पायाचे हाड ढासळते कशाने, यावर मात्र दीडशे वर्षे मतभेद आहेत.

पॅरिसचे चेताविकारतज्ज्ञ ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली मज्जारज्जूच्या एका विकारात (त्याचे मूळ उपदंशात आहे, हे पुढे कळले) सांध्यांची होणारी झीज नोंदवली आणि हाडाला चेतासंस्थेकडून मिळणारे पोषण खुंटल्याने ती होते, असे मांडले. जर्मनीतील डॉक्टर फोल्कमान आणि फिर्शो यांना ते पटले नाही. त्यांच्या मते वेदनाच नसल्यामुळे लहानसहान दुखापती नकळत साचत जातात. विसाव्या शतकात वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांची बोटे मुख्यतः न जाणवणाऱ्या जखमांमुळे झिजतात असे दाखवल्यावर पारडे याच बाजूला झुकले.

शार्कोंच्या कल्पनेला आधार मिळाला तो रेणूंच्या अभ्यासातून. हाडावरच्या आवरणात संवेदी तंतूंचे दाट जाळे असते आणि हे तंतू वेदनेचा निरोप मेंदूकडे नेतात, तसेच स्वतः ‘सीजीआरपी’सारखी पेप्टाइड्स (प्रथिनांसारखे छोटे रेणू) हाडातही सोडतात, हे १९८० च्या दशकापासून स्पष्ट होत गेले. २०१६ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात मॅग्नेशियमयुक्त सळई बसवली, तेव्हा सीजीआरपी वाढून नवे हाड जोमाने तयार झाले. मिरचीतल्या कॅप्सेसिनने संवेदी तंतू निकामी करताच तो लाभ बराचसा ओसरला. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने दाखवले, की अस्थिभंगानंतर चेतावर्धक घटक ‘एनजीएफ’ वाढतो आणि संवेदी तंतू त्या जागी शिरतात. एनजीएफचा ‘ट्रकए’ हा ग्राही (एनजीएफ ज्याला चिकटून काम करतो तो रेणू) रोखला, तर नव्या रक्तवाहिन्या आणि हाड दोन्ही मागे पडतात. हे सारे प्राण्यांतले पुरावे आहेत, त्यामुळे ब्रँड यांचे निरीक्षण या पुराव्यांनी खोटे ठरत नाही. माझ्या मते दोन्ही कारणे एकाच पायात नांदू शकतात.

एनजीएफ रोखणाऱ्या टॅनेझुमॅब या वेदनाशामकाच्या बाबतीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. काही रुग्णांचे सांधे झपाट्याने झिजल्यामुळे २०१० मध्ये त्याच्या बहुतेक चाचण्या थांबवण्यात आल्या, पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि २०२१ मध्ये हे औषध सोडून देण्यात आले. वेदना नाहीशी झाल्याने त्या रुग्णांनी सांध्यावर अधिक भार टाकला, की संवेदी तंतूंकडून हाडाला मिळणारे साहाय्यच तुटले, यावर तज्ज्ञांचे अद्याप एकमत नाही.