ब्रिजमधील डिक्लेअररचे नियोजन

काँट्रॅक्ट ब्रिजमध्ये बोली ठरून पहिली उतारी झाली की डमीची, म्हणजे डिक्लेअररच्या जोडीदाराची, १३ पाने टेबलावर उघडी पडतात. तेथून दोन्हीकडची पाने एकटा डिक्लेअरर, म्हणजे बोली जिंकलेल्या जोडीतला डाव खेळणारा, खेळवतो. डमीतून पहिले पान टाकण्याआधी तो मनाशी जो हिशेब मांडतो, ते डावाचे नियोजन. नोट्रंपमध्ये, म्हणजे हुकूम नसलेल्या बोलीत, हक्काचे (विरोधकांना उतारी न देता मिळणारे) हात मोजतात, हुकुमाच्या बोलीत बहुधा जाणारे हात. मोजणी कोणालाही जमते. कमी पडणारे हात काढताना उतारी कोणाकडे जाईल, हे ओळखणे अवघड.

समजा, डिक्लेअरर दक्षिणेला आहे आणि त्याची बोली ३ नोट्रंप, म्हणजे ९ हात. त्याची पाने: इस्पिक एक्का-६-३, बदाम एक्का-८-५, चौकट एक्का-८-४, किलवर राजा-७-४-२. डमीत इस्पिक ८-५, बदाम राजा-७-४, चौकट राजा-गुलाम-१०-९-५, किलवर एक्का-८-३. पश्चिम इस्पिकचा राजा उतरतो.

हक्काचे हात ७. उरलेले २ चौकटमधून येतील. विरोधकांकडच्या राणीला एक हात दिला तरी त्या रंगात ४ मिळतात. धोका इस्पिकचा आहे. पश्चिमेकडे त्याची ५ पाने असू शकतात, म्हणून एक्का दोनदा राखून तिसऱ्या फेरीत घ्यावा. यासाठी ‘सातचा नियम’ वापरतात: दोन्हीकडची मिळून त्या रंगाची पाने ७ मधून वजा करायची, येथे ७ वजा ५ म्हणजे २, तितक्या वेळा एक्का राखायचा. तिसऱ्या इस्पिकवर डमीतून किलवरची तिर्री टाकावी. चौकट टाकले तर मिळकतच गेली.

आता पूर्वेकडचे इस्पिक संपले असावे. चौकटचा फिनेस (राणी एका विरोधकाकडे आहे असे धरून तिच्यापेक्षा लहान पानाने हात मिळवण्याचा प्रयत्न) दोन्ही दिशांनी होतो, तरी येथे निवड नशिबावर सोडायची नसते. आधी एक्का वाजवायचा, मग स्वतःकडून अठ्ठी खेळून डमीतला गुलाम लावायचा. राणी पूर्वेने घेतली तरी परतवायला त्याच्याकडे इस्पिक नाही. इस्पिक विरोधकांत ४-४ विभागले असेल तर आणखी एकच हात जातो आणि बोली पुरी होते. उलट डमीतला राजा आधी वाजवून गुलाम सोडला आणि राणी पश्चिमेकडे निघाली, तर तो इस्पिकचे आणखी २ हात घेतो. बोली एकाने बुडते. एक्का-राजा वाजवून राणी पडण्याची शक्यता सुमारे ३३ टक्केच, आणि न पडलेली राणी पश्चिमेकडेही असू शकते.

रबर ब्रिज व संघांच्या सामन्यांत असा सुरक्षित मार्ग जवळजवळ नेहमीच पत्करावा. जोड्यांच्या स्पर्धेत जादा हातालाही मोल असल्याने तेथे कधीकधी धोका घ्यावा लागतो.