गाडी म्हणते ‘कनेक्टेड’, गाणं मात्र फोनमध्येच वाजतं

गाडी चालू केली, स्टिरिओच्या पडद्यावर फोनचं नाव आलं, कॉलही गाडीच्या स्पीकरवर येतायत. गाणं लावलं की मात्र आवाज फोनमधूनच. किंवा नेमकं उलटं: गाणी झकास वाजतात, पण कॉल आला की फोन कानाला लावावा लागतो. मग आपण ब्लूटूथ बंद करून चालू करतो, फोन बंद करून चालू करतो आणि शेवटी ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो. तिथे ‘स्टिरिओच बदलून टाका, आता अँड्रॉइडवाला आलाय’ हा सल्ला तयारच असतो. दहा-पंधरा हजार घालवण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे हे पाहिलं तर बहुतेक वेळा तो फुकटात निघतो.

फोन आणि गाडी ब्लूटूथने जोडली गेली की त्यांच्यात एकाच वेळी चार-पाच वेगवेगळे करार चालू असतात. तांत्रिक भाषेत त्यांना प्रोफाइल म्हणतात. गाण्यांसाठी एटूडीपी, कॉलसाठी एचएफपी, स्टिअरिंगवरच्या बटणाने गाणं पुढे-मागे करण्यासाठी एव्हीआरसीपी, फोनमधले नंबर गाडीत उतरवून घेण्यासाठी पीबॅप. प्रत्येक करार वेगळा होतो आणि वेगळाच मोडतो. गाडीच्या पडद्यावर ‘कनेक्टेड’ दिसलं याचा अर्थ यातला किमान एक करार शाबूत आहे, इतकाच.

अँड्रॉइड फोनमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढे दातेरी चाकाचं छोटं चिन्ह असतं. ते दाबलं की आत ‘फोन कॉल’, ‘मीडिया ऑडिओ’ आणि संपर्कांसाठी एक, अशी वेगवेगळी बटणं दिसतात. गाणं वाजत नसेल तर बऱ्याचदा त्यातलं मीडिया ऑडिओचं बटण बंद पडलेलं सापडतं. कधीतरी पोराने खेळता खेळता दाबलेलं असतं, कधी अपडेटनंतर तसं होतं. आयफोनमध्ये अशी स्वतंत्र बटणं नाहीत. तिथे ‘डिव्हाइस टाइप’मध्ये ‘कार स्टिरिओ’ निवडून ठेवावं.

यातच आणखी एका तक्रारीचा उलगडा आहे. गाणं चालू असतं, पण आवाज अचानक चपटा, नाकातून आल्यासारखा होतो. गाण्याच्या करारात सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत माहिती जाते, डावा-उजवा असा दुहेरी आवाज, आणि तीही आवाज दाबून पाठवायच्या ब्लूटूथच्या सगळ्यात साध्या एसबीसी पद्धतीने. कॉलच्या करारात मूळ पद्धतीत फक्त ६४ किलोबिट जातात आणि ४ किलोहर्ट्झच्या वरचे सूर मुळात उचललेच जात नाहीत. बासरीची धार, झांजेची किणकिण त्याच्या वरच्या भागात असते, ती जाते. म्हणजे गाणं चपटं झालं की समजावं, कुठल्यातरी ॲपने माइक धरून ठेवलाय आणि आवाज कॉलच्या वाटेने चाललाय. मागे उघडी राहिलेली ऑनलाइन मीटिंग हा यातला नेहमीचा संशयित.

दुसरा मोठा गट ‘काल चालत होतं, आज जोडलंच जात नाही’ वाल्यांचा. पहिल्यांदा पेअर करताना, म्हणजे फोन आणि गाडीची ओळख करून देताना, दोन्ही पडद्यांवर सहा आकडे दिसतात आणि आपण न वाचताच ‘ओके’ दाबतो. त्या क्षणी फोन आणि गाडी मिळून १२८ बिटांचा एक गुप्त आकडा ठरवतात. गंमत अशी की तो आकडा हवेतून कधीच जात नाही. दोघं आपापल्या गणिताचा एकेक उघडा भाग एकमेकांना पाठवतात आणि दोन्हीकडे स्वतंत्रपणे तोच आकडा तयार होतो. पडद्यावरचे सहा अंक फक्त मध्ये तिसरं कोणी घुसलेलं नाही ना, हे आपल्याला तपासता यावं म्हणून असतात. यापुढे रोज गाडी चालू केली की पेअरिंग होत नाही. दोघांकडे साठवलेला आकडा जुळतो का, एवढंच पाहिलं जातं.

आता समजा, तुम्ही वैतागून फोनमधून गाडीचं नाव काढून टाकलं. फोनकडचा आकडा गेला, गाडीकडचा तसाच राहिला. गाडी जुन्या आकड्यावर हाक मारत राहते, फोन ‘मी तुला ओळखत नाही’ म्हणतो. नवा फोन घेऊन त्याला जुन्याचंच नाव दिलं तरी हाच घोळ होतो, कारण गाडी नावावरून काहीच ठरवत नाही. प्रत्येक ब्लूटूथ यंत्राला ४८ बिटांचा स्वतःचा पत्ता असतो, ओळख त्यावरून पटते. त्यामुळे उपाय करायचा तर दोन्ही बाजूंनी: फोनमधून गाडी काढायची, गाडीतून फोन काढायचा, दोन्ही यंत्रं एकदा बंद करून चालू करायची आणि मग नव्याने पेअर करायचं. एकाच बाजूने काढणं हे अर्धवट काम आहे, आणि माझ्या मते ब्लूटूथच्या निम्म्या कटकटी या अर्धवटपणातूनच वाढतात. गाडीची चावी फिरवून काढली म्हणजे स्टिरिओ बंद झाला असंही समजू नये. आजकालच्या बऱ्याच सिस्टीम नुसत्या झोपतात. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की खऱ्या अर्थाने पुन्हा सुरू होतात. बॅटरीचा टर्मिनल काढायचा जालीम उपाय कोणी सुचवला तर हात जोडावेत. त्याने घड्याळ, रेडिओची स्टेशनं आणि काही गाड्यांत काचांची सेटिंगही पुसली जातात.

गाडी विकतानाही गाडीतली यादी पुसायला विसरू नका. पीबॅपच्या करारात तुमच्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर गाडीत उतरलेले असू शकतात.

घरात गाडी एक आणि फोन चार, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र. स्टिरिओ सहसा शेवटी जोडलेल्या फोनला आधी शोधतो. वहिनी पार्किंगच्या वरच्याच मजल्यावर असतील आणि काल गाडी त्यांनी नेली असेल, तर तुम्ही खाली गाडी चालू करताच त्यांचा फोन जोडला जातो आणि स्वयंपाकघरात त्यांच्या फोनचा आवाज गायब होतो. शिवाय गाडीच्या यादीत मर्यादित फोन मावतात; ती भरली की नवा फोन पेअर व्हायलाच नकार मिळतो, आणि कित्येक स्टिरिओ त्याचं कारण सांगायची तसदीही घेत नाहीत. पाहुण्यांचे, ड्रायव्हरचे, मागच्या गणपतीत आलेल्या भाच्याचे फोन अधूनमधून काढत जावेत.

आवाज येतो पण तुटक येतो, ही गोष्ट निराळी. इथे पेअरिंगशी खेळून उपयोग नाही; इथे हवेतली गर्दी बघावी लागते. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, म्हणून वायफाय, वायरलेस माऊस, खेळण्यातली ड्रोन असे सगळे तिथे गोळा झालेत. ब्लूटूथने या पट्ट्याचे १ मेगाहर्ट्झचे ७९ तुकडे केलेत आणि संभाषण चालू असताना ते सेकंदाला १६०० वेळा एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतं. आधी या उड्या आंधळ्या होत्या. २००३च्या सुमारास ब्लूटूथच्या १.२ आवृत्तीत त्यांना अक्कल आली: ज्या तुकड्यांवर वारंवार माहिती खराब होते ते टाळायचे. रोजच्या रस्त्यावरचे खड्डे पाठ असलेला रिक्षावाला जशी वाट काढतो, तसं. पण टाळायलाही मर्यादा आहे. किमान २० तुकडे हाताशी ठेवावेच लागतात. एक वायफाय साधारण २० तुकड्यांइतकी जागा खातं. तीन वेगवेगळ्या चॅनलवरची वायफाय एकत्र आली की साठेक तुकडे गेले, आणि ब्लूटूथला खड्ड्यातूनच जावं लागतं.

ही तीन वायफाय गाडीतच असू शकतात. डॅशकॅम स्वतःचं वायफाय सोडतो, मागे बसलेल्याचा हॉटस्पॉट चालू असतो, तुमचाही असतो. तुमच्या फोनचा हॉटस्पॉट सगळ्यात त्रासदायक, कारण फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ सहसा एकाच चिपवर, बऱ्याचदा एकाच अँटेनावर, पाळीपाळीने काम करतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झचा पर्याय असेल तर तो निवडावा. तुटणारं गाणं कित्येकदा तिथेच सुधारतं. दुसरं, फोन कुठे ठेवलाय ते पाहा. या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात, आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. फोन मागच्या खिशात घालून त्यावर बसलात, तर डॅशबोर्डमागच्या अँटेनापर्यंत सिग्नलला तुमच्यातून वाट काढावी लागते.

टोलनाक्यावर आवाज तुटतो तो फास्टॅगमुळे, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. फास्टॅगचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर बोलतो. ब्लूटूथचा पट्टा त्याच्यापासून कोसभर लांब आहे. तिथे रांगेत दोन्ही बाजूंना दहा-दहा गाड्या आणि त्यांतले हॉटस्पॉट चिकटून उभे असतात, हा संशय जास्त बरोबर ठरेल.

मुंबई-पुणे एक्सप्रेस-वेवर भाताणच्या किंवा आडोशीच्या बोगद्यात गाणं थांबलं, तर ब्लूटूथला शिव्या देण्याआधी एक साधी चाचणी करा. फोनमध्ये आधीच डाउनलोड केलेलं गाणं लावा. तेही तुटलं तर दोष ब्लूटूथच्या वाटेत. ते नीट वाजलं तर तुमचा डेटा गेलाय, आणि बिचारं ब्लूटूथ शांतता तेवढी इमानेइतबारे पोहोचवत होतं. ही चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

‘आवाजच बारीक येतो’ याचं उत्तर दोन व्हॉल्यूममध्ये आहे: एक फोनचा, एक गाडीचा. नव्या सिस्टीममध्ये फोन आपला व्हॉल्यूम ० ते १२७ अशा आकड्यात गाडीला कळवतो आणि दोन्ही एकत्र हलतात. जुन्या स्टिरिओला हे कळत नाही. तिथे फोन आवाज आधीच बारीक करून पाठवतो आणि गाडीचा ॲम्प्लिफायर तो खरखरीसकट मोठा करतो. फोन जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त गाडीच्या नॉबवर करावं. कॉलवर समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल, तर मात्र गाडीचा व्हॉल्यूम उतरवा: तुमच्या स्पीकरमधला आवाज छतावरच्या दिव्याजवळच्या माइकमध्ये शिरतोय आणि गाडीला तो गाळता येत नाहीये. एसीची झडप त्याच माइकवर रोखलेली असेल तर तीही वळवा.

फोनमधले नकाशे आणि ॲप गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले यांची जात वेगळी. तिथे ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं. नकाशा आणि गाणी मग वायफायवरून, बहुधा ५ गिगाहर्ट्झवर जातात. म्हणून बॅटरी वाचवायला फोनचं वायफाय बंद ठेवणाऱ्यांच्या गाडीत ते सुरूच होत नाही. फोनवर व्हीपीएन चालू असेल तरी अडू शकतं. आणि एप्रिल-मे महिन्यात विदर्भात डॅशबोर्डवर, काचेखाली, वायरलेस चार्जरवर ठेवलेला फोन तापून स्वतःच हात आखडता घेतो. तेव्हा दोष ना गाडीचा ना लहरींचा.

खोक्यावर छापलेल्या ब्लूटूथ आवृत्तीच्या आकड्याला भुलून स्टिरिओ घेऊ नका. गाणी अजूनही प्रामुख्याने जुन्याच एटूडीपीच्या वाटेने जातात. ५.० असो की ५.३, आवाजात त्याने फरक पडत नाही.

राहिल्या जुन्या गाड्या. त्यात लोक शंभर-दोनशे रुपयांचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावतात: एक टोक ऑक्समध्ये, म्हणजे स्टिरिओच्या हेडफोनसारख्या खाचेत, दुसरं सिगारेट लायटरच्या यूएसबी चार्जरमध्ये. गाणं वाजतं, पण मागे बारीक ‘कुँईं’ असा आवाज येतो आणि ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो, गिअर बदलला की पडतो. हा आवाज चक्क अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा असतो. अल्टरनेटर तीन फेजची वीज बनवतो आणि डायोड ती सरळ करतात, पण पूर्ण सपाट करत नाहीत. बारीक लाटा उरतात. नेहमीच्या १२ चुंबकीय ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात अशा ३६ लाटा येतात. इंजिन ८०० आरपीएमवर असेल आणि पट्ट्यामुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर सेकंदाला सुमारे १२०० लाटा. इंजिन २४०० वर नेलं की ३६०० लाटा. दोन्ही कानाला सहज ऐकू येणारे सूर.

त्या लाटा गाण्यात शिरतात कारण रिसीव्हरचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलेलं असतं: चार्जरमधून एकदा, ऑक्सच्या केबलमधून दुसऱ्यांदा. या दोन वाटांचं एक वेटोळं तयार होतं आणि त्यातून फिरणारा नको असलेला प्रवाह ॲम्प्लिफायरला गाण्यासारखाच दिसतो. खात्री करायची तर रिसीव्हरला लायटरऐवजी पॉवरबँकेवर लावून बघा. आवाज तत्क्षणी गेला तर निदान पक्कं. कायमचा इलाज म्हणजे ऑक्सच्या वाटेत ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी लावायची. तिच्यात दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात; गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं, तारेला तार जोडलेली राहत नाही. फार स्वस्त डबीत ढोलाचा ठेका थोडा पातळ होतो. तेही नको असेल तर स्वतःची बॅटरी असलेला रिसीव्हर घ्यावा. तो घरी नेऊन चार्ज करायचं लक्षात ठेवावं लागतं, एवढंच.