शीघ्रपरिणामी नैराश्यरोधी औषधांचे जैवसूचक (प्राणिसंशोधन)

नैराश्यावरचे औषध प्राण्याला लागू पडले की नाही, हे मेंदूतील, रक्तातील किंवा मेंदूलहरींतील ज्या मोजता येणाऱ्या बदलांवरून ताडतात, त्यांना जैवसूचक म्हणतात. फ्लुओक्सेटिनसारख्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. केटामाइन या भुलीच्या औषधाचा काही तासांत दिसतो. त्यामुळे या विषयातले बहुतेक काम केटामाइनभोवती फिरते.

हे औषध कोकणाला परके नाही. विहिरीत पडलेल्या बिबट्याला (गावच्या बोलीत तो वाघच) भूल द्यावी लागली, तर त्या सुईत बहुधा झायलाझिन आणि केटामाइन असते. नैराश्यासाठीची मात्रा भुलीच्या मात्रेहून बरीच कमी, आणि तिचे कामही वेगळे. २०१० साली येल विद्यापीठात रोनाल्ड ड्युमन यांच्या गटाने उंदरांना वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम केटामाइन दिले. मेंदूच्या पुढच्या भागात एमटॉर हा प्रथिननिर्मितीचा संकेतमार्ग तासाभरात चेतला आणि दोन तासांत निवला. पीएसडी-९५, सिनॅप्सिन-१ ही चेतासंधींची (चेतापेशी एकमेकींना जोडल्या जातात त्या जागांची) प्रथिने मात्र त्यानंतर वाढली आणि तीन दिवस वाढलेलीच राहिली. ८० मिलिग्रॅम, म्हणजे भुलीची मात्रा, दिल्यावर एमटॉर चेतलाच नाही.

म्हणून मेंदूचा नमुना किती वाजता घेतला, याची नोंद नसेल तर आकडा फुकट. भरतीने वाळूवर सोडलेल्या रेघेवरून पाणी कुठवर आले होते ते कळते. आता चढते आहे की उतरते, ते नाही. २०१९ च्या एका अभ्यासात उंदरांचे वर्तन तीन तासांत सुधारले, चेतापेशींवरचे नवे कंटक (जिथे चेतासंधी जुळतात ते बारीक काटे) त्यानंतर कित्येक तासांनी उगवले. ते नष्ट केल्यावर सुधारणा टिकली नाही. म्हणजे कंटक गुण टिकण्याचे सूचक, गुण सुरू होण्याचे नव्हेत.

वर्तनाची कसोटी त्याहून लंगडी. १९७७ पासून रूढ असलेल्या सक्तीच्या पोहण्याच्या चाचणीत उंदराला पाण्याच्या काचपात्रात सोडतात आणि तो किती वेळ हातपाय न हलवता तरंगतो ते मोजतात. जास्त तरंगला तर खचला. विहिरीत पोहायला शिकलेले कोकणातले पोर मात्र सांगेल, दम लागला की पाण्यावर पडून राहायचे असते. साखरपाण्याची आवड मोजणारी चाचणी त्या मानाने बरी; खचलेल्या उंदराला गोडाचीही ओढ उरत नाही.

एमटॉर रोखणारे रॅपामायसिन आधी दिले की उंदरांत केटामाइनचा गुण येत नसे. २०२० साली थोड्या रुग्णांवर तसेच करून पाहिले, तर गुण उलट जास्त दिवस टिकला. उंदरांना ते थेट मेंदूत सोडले होते, रुग्णांना तोंडावाटे दिले होते.