खानदेशातील करवाद

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकरी, व्यापारी आणि कारखानदार यांचे आयकर, जीएसटी इत्यादी करखात्यांशी होणारे कायदेशीर तंटे. कच्च्या चिठ्ठीवरची विक्री, माल न हलवता फिरवलेली बिले हे करचुकवेगिरीचे सर्वत्र आढळणारे प्रकार इथेही आहेत. मात्र केळी, कापूस आणि डाळीवर चालणाऱ्या या मुलखात अनेक प्रकरणे शेतमाल कुठे संपतो आणि व्यापार कुठे सुरू होतो, या एका प्रश्नावर येऊन अडतात.

कराच्या आकारणीवरून इथे उठावही झाला आहे. इंग्रजांनी जमिनीची नवी मोजणी सुरू केली तेव्हा सारा वाढणार या धास्तीने १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक मोठ्या संख्येने जमले आणि मोजणीला विरोध केला. तो लष्कर आणून मोडण्यात आला.

शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. तो विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे. शेती उत्पन्न कशाला म्हणायचे हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये राजा बिनयकुमार सहस रॉय प्रकरणात ठरवले : नांगरणी, पेरणी, लागवड अशी मूळ कामे जमिनीवर झाली असली पाहिजेत. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हा निकष रोजच्या व्यवहाराला भिडतो. स्वतःची बाग कापून विकणाऱ्याचे उत्पन्न करमुक्त असते. उभी बाग विकत घेऊन ती कापणारा व्यापारी मात्र नफ्यावर कर देणे लागतो, कारण लागवड त्याची नाही. घरात शेती आणि केळीचा व्यापार दोन्ही असले, की व्यापाराचा नफा शेतीच्या खात्यावर सरकवण्याचा मोह होतो आणि अधिकारी नेमके तेच शोधतात. सुनावणीत सातबारा, त्यावरची पीकपाहणी, विक्रीच्या पट्ट्या आणि खते-मजुरीचा खर्च मागितला जातो. उत्पन्न भरघोस आणि खर्च जवळपास शून्य दाखवला, तर तो आकडा टिकत नाही. ती रक्कम अघोषित उत्पन्न धरून तिच्यावर चढ्या दराने कर लागतो.

कापसातला पेच रोख रकमेचा आहे. आयकर कायद्यानुसार (१९६१च्या कायद्यात कलम ४०अ(३)) एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च नामंजूर होतो. नियमांत (१९६१च्या कायद्याखाली नियम ६डीडी) सूट आहे, पण ती थेट पिकवणाऱ्याला पैसे दिले तरच. खेडा खरेदीत गावचा मध्यस्थ दहा घरांचा कापूस गोळा करून जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) आणतो आणि पावत्या शेतकऱ्यांच्या नावे फाडल्या जातात. फाइलमध्ये वजनाची पावती, सही किंवा अंगठा आणि सातबाऱ्याची झेरॉक्स असते. दोन एकरांच्या सातबाऱ्यावर दोनशे क्विंटल कापूस दिसला, की सगळीच खरेदी संशयात सापडते. त्यात खरा विकणाराही भरडला जातो, ही या पद्धतीची मोठी खोट आहे. जीएसटीत १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा कर नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा असतो. शेतकरी सुटला, पण हा कर आधी खिशातून भरावा लागल्याने जिनिंगवाल्याचे भांडवल अडकू लागले.

जळगावच्या डाळमिलांच्या वाट्याला आलेला वाद तर थेट पोत्यावरच्या छपाईचा होता. २०१७ मध्ये नोंदणीकृत ब्रँडच्या डाळीवर ५ टक्के आणि बिनब्रँडच्या डाळीवर शून्य कर आला. देशभर ब्रँडच्या नोंदण्या रद्द होऊ लागल्या, तेव्हा सरकारने १५ मे २०१७ ही तारीख धरली : त्या दिवशी नोंदणी असेल तर ती नंतर रद्द केली तरी कर लागू. पुढे शून्य करासाठी नावावरचा हक्क सोडल्याचे शपथपत्र आणि तशी पोत्यावर छापील सूचना मागण्यात आली. १८ जुलै २०२२ ला ब्रँडची अट गेली आणि २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या पिशवीवर ५ टक्के कर आला. बाजारात लगेच २६ आणि ३० किलोंची पोती दिसू लागली. याला चुकवेगिरी म्हणता येत नाही. कायद्यानेच आखलेल्या रेषेच्या पलीकडे उभे राहणे आहे ते.

सराफ बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यावरची बंदी (१ एप्रिल २०१७ पासून) महत्त्वाची ठरते. झडतीत विवाहितेचे ५००, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची १९९४ची सूचना आहे. ती फक्त जप्तीपुरती आहे. तेवढ्या सोन्याचा हिशेबच मागता येत नाही, हा समज चुकीचा.

आयकर आकारणीविरुद्ध पहिले अपील ३० दिवसांत करायचे असते. त्यानंतर पुण्याचे आयकर अपील न्यायाधिकरण. तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. जीएसटीत अपिलाला तीन महिने मिळतात आणि वादातल्या कराच्या १० टक्के रक्कम आधी भरावी लागते. आकारणी चेहराविरहित (अधिकाऱ्याची समोरासमोर भेट न होता, ऑनलाइन) झाल्यापासून नोटीस पोर्टलवर आणि ईमेलवर येते. अनेक छोट्या व्यापाऱ्यांच्या नोंदणीत ईमेल असतो कर सल्लागाराचा किंवा जुन्या मुनिमाचा. मग पहिली बातमी बँक खाते गोठल्यावरच लागते, आणि अपिलासोबत विलंबमाफीचा अर्जही जोडावा लागतो.