ट्यूबमधली पुट्टी की मळायची पुट्टी?

प्लास्टिकच्या स्केल मॉडेलचे भाग जोडताना सांध्यांत फटी राहतात, त्या पुट्टीने भरतात. पुट्टी घट्ट कशामुळे होते, हे आधी पाहायला हवं. कुठल्या फटीत कुठली पुट्टी भरायची, ते त्यावरच ठरतं.

ट्यूबमधली करडी पुट्टी, उदाहरणार्थ तामियाची बेसिक पुट्टी, तिच्यातला द्रावक उडून गेल्यावर घट्ट होते. द्रावक गेला की पुट्टी आकसते. पातळ थरात हे जाणवत नाही. पण 2 मिलिमीटर खोल फट एका दमात भरली, तर वर साय धरते आणि खालचा द्रावक आतच अडकतो. बोटाला कडक लागलं म्हणून घासून रंग दिला, की काही दिवसांनी नेमकी सांध्यावर खोलगट रेघ उमटते. रंग झाल्यावर उघडा पडलेला सांधा दुरुस्त करणं फार जिवावर येतं, म्हणून थर पातळ द्यावेत आणि प्रत्येक थर पूर्ण सुकू द्यावा.

हाच द्रावक पॉलिस्टायरीनही, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिकही, थोडं मऊ करतो. त्यामुळे पुट्टी प्लास्टिकला घट्ट धरते आणि कडा अगदी पातळ घासल्या तरी सहसा सुटत नाहीत. मात्र जाड थर दिला तर खालचं नाजूक प्लास्टिक वाकडं होऊ शकतं.

मिलिपुटसारख्या इपॉक्सी पुट्टीच्या दोन कांड्या असतात. दोन्ही सारख्या प्रमाणात घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायच्या, तेही हातमोजे घालूनच. ती रासायनिक क्रियेने कडक होते, तिच्यातून काही उडून जात नाही, त्यामुळे ती जवळजवळ आकसत नाही. खोल फट एका वेळी भरता येते. शिवाय कडक होण्याआधी ती पाण्याने सारखी करता येते, आणि माझ्या मते हा तिचा सगळ्यात मोठा गुण. विमानाचा पंख धडाला मिळतो तिथे पुट्टी भरावी आणि ओल्या बोटाने किंवा ब्रशने जादा पुट्टी पुसून घ्यावी. सॅंडपेपरची गरज फारशी उरत नाही, त्यामुळे शेजारच्या पॅनेल-रेषा (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या बारीक रेघा) आणि रिवेट शाबूत राहतात.

पण इपॉक्सी प्लास्टिकमध्ये विरघळत नाही, नुसती पृष्ठभागाला चिकटते. पातळ कडेचा टवका उडतो. म्हणून आधी सांधा थोडा खरवडून घ्यावा.

दोन्हींच्या आधी भाग कोरडेच जुळवून पाहा. रुंद फटीत प्लास्टिकची पट्टी बसवली तर पुट्टी नावापुरतीच लागते. केसाएवढ्या रेघेला मिस्टर सरफेसर 500 हा दाट, पातळ फटी भरणारा प्रायमर ब्रशने लावलेला पुरतो.

मोठ्या फटीत मी दोन्ही वापरतो: खाली इपॉक्सी, ती पूर्ण कडक झाल्यावर बारीक छिद्रांवर ट्यूबमधल्या पुट्टीचा पातळ हात. तो रात्रभर सुकू द्यायचा, घासायचा आणि प्रायमर मारून सांधा तिरप्या उजेडात तपासायचा.