गावाशेजारी मोठी हाऊसिंग स्कीम येतीय? हरकत कुठं घ्यायची, कोण घेऊ शकतं, कागदं काय लागतात

कोल्हापूरच्या करवीर, हातकणंगले भागात उसाच्या पट्ट्यात जेसीबी लागतो, मुरूम पडतो, प्लॉट विक्रीचा बोर्ड लागतो आणि मग गाव जागं होतं. तोवर बऱ्याच मुदती निघून गेलेल्या असतात. म्हणून मोर्च्याच्या आधी फाईल कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधा, हरकत कुणाकडं आणि किती दिवसांत घ्यायची ते त्यावरच ठरतं.

परवानगी कोण देतंय ते आधी बघा. 2017 साली कोल्हापूर शहराभोवतीची 42 गावं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणात घेतली, तिथला लेआऊट (प्लॉट पाडायचा आराखडा) प्राधिकरण मंजूर करतं, बाकीच्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले अधिकारी, नगररचनाचा अभिप्राय घेऊन. ग्रामपंचायतीच्या हातात ही परवानगी नसते, त्यामुळं नुसत्या सरपंचांवर राग काढून उपयोग नाही.

मग माहिती अधिकारात अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांत, उत्तर 30 दिवसांत. मागायचं काय तर मंजूर लेआऊट, बिनशेतीचे आदेश, झोन दाखला (जमीन शेतीच्या का रहिवासी झोनमध्ये ते), विकास आराखड्यातला भाग नकाशा, पूररेषेचा अभिप्राय आणि एवढ्या घरांना पाणी कुठनं आणणार त्याचा कागद. महारेराच्या (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) साईटवर प्रोजेक्ट रजिस्टर असेल तर त्यातले बरेच कागद घरबसल्या मोफत दिसतात, तिथं आधी बघा.

हरकत कोण घेऊ शकतं? जमीन शेतीच्या झोनमधनं रहिवासी झोनमध्ये घालायची असेल तर सरकारला नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, तिथं कुणीही लिहू शकतो, शेजारी जमीन असायची गरज नाही. माझ्या मते हाच टप्पा सगळ्यात भारी, कारण अजून काहीच मंजूर झालेलं नसतं, म्हणून पेपरातल्या जाहीर नोटिसांवर दोघातिघांनी लक्ष ठेवावं. महसूलच्या आदेशावर अपील करायचं असेल तर मात्र तुमचा संबंध दाखवावा लागतो, म्हणजे सामायिक हिस्सा, वहिवाटीची वाट, पाट असं काहीतरी. तहसीलदार-प्रांतांच्या आदेशावर 60 दिवस, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर 90 दिवस.

अर्जाला जोडायला त्या गटाचा आणि तुमचा सातबारा, जुने फेरफार, गाव नकाशा, आधारची झेरॉक्स, फोटो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (विक्रीवर सरकारी अटी असलेली जमीन) किंवा देवस्थान इनाम (देवस्थानला दिलेली जमीन) दिसतंय का नीट बघा, आपल्याकडं अशा जमिनी भरपूर आहेत आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यांचा व्यवहार होत नाही. गाव नकाशात ओढा किंवा पाणंद आहे आणि लेआऊटमध्ये गायब आहे, असं सापडलं तर मुद्दा एकदम पक्का.

पूररेषेचा मुद्दा तर सोडूच नका. 2019 आणि 2021 चा पूर आपण डोळ्यानं बघितलाय, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि नदी ते निळी रेषा (25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची हद्द; लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची) एवढ्या पट्ट्यात घरं बांधायला परवानगी नाही, निळी ते लाल रेषेत जोत्याच्या उंचीची अट आहे. भराव टाकला की ते पाणी शेजारच्या वस्तीत शिरतं, त्यामुळं पुराचे तारखेसहित फोटो आणि पंचनामे जोडा.

बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. पण बांधकाम आणि टाऊनशिप प्रकल्पांना जनसुनावणीतनं सूट आहे, त्यामुळं सुनावणीची वाट बघत बसू नका, परिवेश पोर्टलवर (पर्यावरण मंजुरीची सरकारी साईट) अर्ज शोधून मंजुरी देणाऱ्या राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाला लेखी कळवा. मंजुरी मिळालीच तर 30 दिवसांत पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं, योग्य कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत उशीर माफ होतो.

ग्रामसभेचा ठराव जरूर घ्या, कोरम 15 टक्के मतदार किंवा 100 यातला जो कमी तो. ठरावानं मंजूर लेआऊट आपोआप रद्द होत नाही, पण पाणी, रस्ता, सांडपाणी यावर गावाचं म्हणणं रेकॉर्डवर येतं, फक्त त्यात "विरोध आहे" एवढंच न लिहिता गट नंबरसहित कारणं लिहा.

कोर्टात जायची वेळ आलीच तर ऑगस्ट 2025 पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईला जायला नको. वकिलांकडं जाताना पोहोच घेतलेले सगळे अर्ज तारखेप्रमाणं लावून न्या, पोहोच नसलेला अर्ज तिथं धरला जात नाही.